विचारा की, काका : ‘आमची टीम’ म्हणजे मी आणि माझा मोबाईल

प्रश्न : काका नमस्कार. मी अशोक चौकाच्या पलीकडं राहतो, वय ३१. तीन वर्षं झाली टॉवेलचा ऑनलाईन धंदा करतोय. अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या एका कारखानदाराकडनं टेरी टॉवेल उचलतो, घरी पुढच्या खोलीत सिंगल हेडचं एक एम्ब्रॉयडरी मशीन टाकलंय, त्याच्यावर हॉटेलचा, सलूनचा, जिमचा लोगो मारतो आणि कुरिअर करतो. वेबसाईट मीच बनवली, फोटो मीच काढतो, बिल मीच करतो, पॅकिंगला कधीमधी आई बसते. झालं, एवढीच कंपनी.

पण वेबसाईटवर सगळीकडं ‘आम्ही’, ‘आमची टीम’, ‘आमचं प्रॉडक्शन युनिट’ असं लिहून ठेवलंय. टीमचा एक फोटो पण आहे, नेटवरनं घेतलेला, त्यात कोट घातलेले सात-आठ गोरे लोक लॅपटॉपकडं बघून हसतायत. सेल्स, अकाउंट्स आणि सपोर्ट असे तीन ईमेल आहेत, तिन्ही माझ्याच मोबाईलवर येतात. पेमेंटबद्दल कुणाचा फोन आला की मी ‘एक मिनिट हं, अकाउंट्सला देतो’ म्हणतो, दहा सेकंद म्यूट करतो आणि जरा जाड आवाजात परत मीच बोलतो. हसू नका काका.

आता हैदराबादच्या एका हॉटेलवाल्यांची मोठी इन्क्वायरी आलीय, १२०० बाथ टॉवेल, लोगोसकट, २० दिवसांत. त्यांनी व्हेंडर फॉर्म पाठवलाय, त्यात कर्मचारी किती आणि महिन्याची कॅपॅसिटी किती असे दोन रकाने आहेत. वर त्यांचे परचेस मॅनेजर सोलापूरला येऊन युनिट बघतो म्हणतायत. मित्र म्हणतो बिनधास्त १५ लिही, सगळेच लिहितात, आणि ते आले की कारखानदाराच्या शेडमधनं फिरवून आण. वडील म्हणतात पंधरा माणसं आणणार कुठनं, लग्नाचं वऱ्हाड हाय का. खरं लिहिलं तर ऑर्डर जाईल अशी भीती वाटतेय. काय करू? एका लोगोला फ्रेम लावून काढून बारा मिनिटं जातात, तुम्ही विचारणार म्हणून आधीच सांगून ठेवतो.

— एक वाचक, सोलापूर

उत्तर : अरे, हसू नका म्हणतोस आणि जाड आवाजाचं सांगतोस, मग कसं व्हायचं. पण हसायचा हक्क मला तरी नाही. १९९४ साली मी चाटी गल्लीत एका बोळातल्या दुकानातनं चादरीचा होलसेल करायचो, मी आणि एक सायकल, आणि माझ्या लेटरहेडवर छापलं होतं ‘सोलापूर – पुणे – मुंबई’. पुणे म्हणजे मित्राची हॉस्टेलची खोली आणि मुंबई म्हणजे लालबागच्या चाळीतली माझी मावशी. एकदा इंदूरचा एक व्यापारी खरंच ‘मुंबई ऑफिस’ शोधत दुपारी मावशीच्या दारात उभा राहिला. मावशीनं त्याला पाटावर बसवून पिठलं-भाकरी वाढली आणि सरळ सांगितलं की ऑफिस वगैरे काय नाही हो, आमचा भाचा तिकडं एकटाच असतो. त्याचं पोस्टकार्ड आलं, पिठल्याचं कौतुक होतं, ऑर्डर नव्हती. तो एकट्या माणसाकडनं माल घ्यायला तयार नव्हता असं मला तरी वाटत नाही, पण मुंबईचा पत्ता खोटा निघाल्यावर चादरीचं वजन तरी खरं असेल का असं त्याच्या मनात आलं असणार, मी त्याच्या जागी असतो तर माझ्या आलंच असतं.

आधी ‘आम्ही’चा विषय संपवू, कारण तू उगाच तिथं पण अपराधी वाटून घेतोयस. मराठीत एकटा माणूस पण ‘आमच्याकडं’ म्हणतो. टपरीवर एकटा उभा असलेला चहावाला ‘आमच्याकडं स्पेशल मिळेल’ म्हणतो, तेव्हा पातेल्यामागं बोर्ड ऑफ डायरेक्टर्स बसलंय असं कुणी समजत नाही. आपल्या भाषेत ते घराचं, दुकानाचं बोलणं आहे. शिवाय तुझी आई पॅकिंगला बसतेच की. आणि लहान असणं लपवायची आपली रीत पण नाही, आपल्याकडं लोक ‘आमची कोठेही शाखा नाही’ अशी पाटी हौसेनं रंगवून घेतात. तेव्हा ‘आम्ही’ राहू दे. तीन ईमेल पण राहू देत, ते ईमेल वेगवेगळे लावायची सोय आहे, त्यातनं कुणी माणूस असल्याचं ठरत नाही, उद्या तू खरंच कुणाला कामाला ठेवलंस तर त्यातला एक त्याच्याकडं देशील.

तो टीमचा फोटो मात्र आज वेबसाईटवरनं काढून टाक. हे वाचून झाल्यावर नाही, आधी काढून टाक आणि मग पुढं वाच. तो फोटो म्हणजे ‘ही माणसं आमच्याकडं काम करतात’ असं सांगणं आहे, आणि ते साफ खोटं आहे. त्या जागी तुझ्या मशीनचा फोटो टाक, पुढच्या खोलीतला, मागं कॅलेंडर दिसलं तरी चालेल. आणि तो जाड आवाज बंद कर बाबा, ‘बिलाचं पण मीच बघतो, बोला’ एवढं म्हटलं की काम झालं. उलट गिऱ्हाईकाला बरं वाटतं, मोठ्या कंपनीत अकाउंट्सवाला सापडेपर्यंत त्याचा जीव मेटाकुटीला आलेला असतो.

आता फॉर्म. तिथं गोष्ट वेगळी आहे, कारण तिथं त्यांनी विचारलंय. भारतीय करार कायदा १८७२ चा आहे, त्याच्या १७ व्या कलमात फसवणूक कशाला म्हणायचं ते दिलंय आणि खाली खुलासा आहे की नुसतं गप्प राहणं म्हणजे फसवणूक नाही, जोवर बोलणं तुमचं कर्तव्य नाही किंवा तुमचं गप्प राहणं हेच बोलण्यासारखं नाही. म्हणजे वेबसाईटवर ‘मी एकटाच आहे हो’ अशी दवंडी पिटायला तू बांधील नाहीस. पण समोरच्यानं रकाना दिला आणि तू त्यात १५ लिहिलंस तर ते गप्प राहणं नव्हे. खोट्या माहितीवर होकार मिळवलेला असला की १९ व्या कलमाखाली समोरच्याला तो करार मोडता येतो, आणि तोपर्यंत टॉवेलवर त्यांचा लोगो बसलेला असणार, ते टॉवेल तू दुसऱ्या कुणाला विकणार?

आणि तुला वाटतंय त्यांना कळणार नाही. अरे, तुझा जीएसटी नंबरच सांगतो. पंधरा अक्षरांचा नंबर, पहिले दोन आकडे राज्याचे, आपले २७, त्यापुढची दहा म्हणजे पॅन. पॅनमधलं चौथं अक्षर बघ, म्हणजे जीएसटी नंबरातलं सहावं. तुझं ‘पी’ असणार, म्हणजे व्यक्ती. कंपनीचं ‘सी’ असतं, भागीदारी फर्मचं ‘एफ’. तेवढं नको असेल तर जीएसटीच्या पोर्टलवर कुणीही नंबर टाकला की मालकाचं कायदेशीर नाव, धंद्याचं नाव, नोंदणीची तारीख आणि ‘प्रोप्रायटरशिप’ (म्हणजे एकट्याच्या मालकीचा धंदा) हा शब्द, सगळं समोर येतं, लॉगिन पण लागत नाही. व्हेंडर म्हणून नाव चढवायच्या आधी त्यांचा अकाउंटंट हे बघणारच. प्रोप्रायटर माणूस पंधरा जण ठेवू शकतो हे खरं, पण पुढच्या खोलीत नाही.

पण खरी मेख कायद्यात नाही, तुझ्या बारा मिनिटांत आहे. बारा मिनिटाला एक म्हणजे तासाला पाच. आठ तास न उठता बसलास तर दिवसाला ४०. वीस दिवस, रविवार धरून, सुई न मोडता, धागा न तुटता, लाईट न जाता, पाहुणे न येता ८००. त्यांना पाहिजेत १२००. म्हणजे तू १५ लिही नाहीतर ५० लिही, विसाव्या दिवशी ४०० टॉवेल कोरेच राहणार. कर्मचाऱ्यांचा आकडा खोटा लिहिलास म्हणजे कॅपॅसिटीचा रकाना पण त्याला जुळेल असा खोटाच भरावा लागणार, आणि तो तर तारखेनिशी उघडा पडतो. तुझ्या मित्राला हे गणित विचार एकदा.

आणि मला सांग, परचेस मॅनेजर माणसं किती हे कशाला विचारतोय? त्याला तुझी पंधरा माणसं जेवायला घालायची नाहीत. त्याला भीती आहे की हॉटेल चालू व्हायच्या आठवड्यात माल आला नाही तर साहेब त्याला धारेवर धरतील. एकच माणूस असला आणि तो तापानं झोपला तर काय, एवढंच त्याला पाहिजे. त्याला उत्तर दे की. सोलापुरात मल्टिहेड, म्हणजे एका वेळी अनेक लोगो मारणारे, मशीनवाले आहेत, युनिफॉर्मचं काम करणारे, त्यातल्या एकाशी आजच बोल, दर ठरव, कागदावर घे आणि मग असं लिही :

‘सर, फर्म माझ्या एकट्याच्या नावावर प्रोप्रायटरशिप आहे, पगारी कर्मचारी नाहीत, काम मी स्वतः करतो. टॉवेल सोलापुरातल्याच युनिटमधून विणून घेतो. लोगो माझ्या मशीनवर दिवसाला ४० पीस होतात. तुमच्या १२०० पैकी ५०० मी करीन, ७०० मल्टिहेडवर जॉबवर्कने करून घेईन, दर आणि तारीख लेखी ठरलेली आहे. दोन्हीकडचं एकेक सँपल पाठवतो, फरक दिसला तर सांगा. मला काही अडचण आली तर उरलेलं काम तिथेच पूर्ण होईल. प्रत्येक पीस मी स्वतः तपासून पॅक करतो.’

हे वाचून परचेस मॅनेजर पळून जाईल? जाईल कदाचित. काहींचा नियमच असतो की अमुक माणसांच्या खालच्या व्हेंडरला घ्यायचं नाही, तिथं तुझं काही चालणार नाही, सोडून दे. पण ज्याला माल वेळेवर पाहिजे त्याला ‘१५’ या आकड्यापेक्षा ‘५०० आणि ७००’ हे जास्त कामाचं आहे.

व्हिजिटचं बोलू. मित्राचं ते शेडमधनं फिरवून आणायचं डोक्यातनं काढ. आपल्याकडं मागावर तेलुगू बोलणारे बरेच, तिथला एखादा कामगार ‘हे कोण पाव्हणे’ असं तेलुगूत विचारणार, हैदराबादचा माणूस ते समजणार आणि तुझी टूर तिथंच संपणार! आधी घरी आण, मशीन दाखव, त्याच्यासमोर एक लोगो मारून दाखव, बारा मिनिटात आई चहा करेल. मग म्हण, विणतात तिथं पण नेतो, कारखाना माझा नाही, मी त्यांचं गिऱ्हाईक आहे. मला माहितीय तुझ्या पोटात काय गोळा आला. की मग तो थेट कारखानदाराकडनंच घेईल आणि मी मधनं कटाप. ही भीती खरी आहे, होतं असं, माझ्याबरोबर दोनदा झालंय. पण ती भीती तू खोटं बोललास म्हणून जाणार नाही, टॉवेल सोलापूरचा आहे म्हटल्यावर फोन नंबर शोधायला त्याला किती वेळ लागतोय. तू मधे कशासाठी आहेस ते बघ. कारखानदार लॉटनं विकतो, हॉटेलला सहा महिन्यांनी ६० पीस परत लागतात, त्याच रंगात, त्याच लोगोत, ते तो देत बसणार आहे का? लोगोची फाईल तुझ्याकडं, धाग्याचा नंबर तुझ्याकडं. आणि वजन तू करतोस ना? ७५ बाय १५० सेंटिमीटरचा टॉवेल ५०० जीएसएमचा, म्हणजे चौरस मीटरला ५०० ग्रॅमचा, असेल तर साधारण ५६० ग्रॅम भरायला पाहिजे. परचेस मॅनेजर आला की गठ्ठ्यातनं त्याच्याच हातानं कुठलाही टॉवेल काढायला लाव आणि काट्यावर टाक. ५६० च्या आसपास आला की त्याचं अर्धं टेन्शन गेलं. आणि ४८० आला तर मग पंधरा काय दीडशे माणसं असून उपयोग नाही, आधी कारखानदाराशी भांडून ये.

अजून एक, ‘मॅन्युफॅक्चरर’ शब्द वेबसाईटवर असेल तर तो पण बदल. विणत नाहीस तू. ‘सोलापुरी टॉवेल, लोगो एम्ब्रॉयडरीसकट’ लिही, त्यात कमीपणा काय आहे? सोलापुरी चादरीला आणि सोलापूरच्या टेरी टॉवेलला, दोन्हीला जीआय टॅग (भौगोलिक मानांकन) आहे, दुसरीकडचा माल आपल्या नावानं विकणारे आहेत म्हणून तर लोकांना खात्री पाहिजे असते. टॉवेल खरंच इथला असेल तर तेवढं नाव पुरेसं मोठं आहे.

आणि लहान असण्याची लाज वाटत असेल तर उद्यम नोंदणी, म्हणजे लहान उद्योगांची सरकारी नोंदणी काढ, फुकट असते, पैसे मागणाऱ्या साईट खोट्या. एप्रिल २०२५ पासून १० कोटीपर्यंत टर्नओव्हर आणि अडीच कोटीपर्यंत गुंतवणूक असलेला पण सरकारदरबारी ‘सूक्ष्म’च आहे, म्हणजे तुझ्या रांगेत बऱ्यापैकी गाड्यावाले लोक उभे आहेत. शिवाय सूक्ष्म आणि लघु उद्योगाचं बिल जास्तीत जास्त ४५ दिवसांत द्यावं लागतं, आणि २०२४ पासून तसं दिलं नाही तर देणाऱ्याला तो खर्च प्रत्यक्ष पैसे देईल त्याच वर्षीच्या आयकरात धरता येतो. हॉटेलवाले पेमेंट किती लांबवतात ते मी तुला सांगायला नको. फक्त हा फायदा नुसत्या ट्रेडरला मिळत नाही, तेव्हा तुझं एम्ब्रॉयडरीचं काम कशात नोंदवायचं ते सीएला विचार आणि ऑर्डर घ्यायच्या आधी विचार.

प्रश्न : काका, माझं उलटं आहे. जुळे सोलापुरात मी शेंगा चटणी आणि कडक भाकरी करून स्वतःच्या वेबसाईटवरनं विकते. पाच वर्षांपूर्वी खरंच एकटी होते, उखळात कुटायचे, तेच लिहिलं होतं की ‘मी एकटीनं, माझ्या हातानं उखळात कुटलेली’. आता सहा बायका कामाला आहेत आणि कुटायचं मशीन आणलंय. ती ओळ काढायला मन होत नाही, लोक त्याच्यासाठीच घेतात. आणि भाच्यानं सुरुवातीला दहा-बारा रिव्ह्यू टाकून दिलेत, ते राहू देऊ का?

उत्तर : ताई, आधी अभिनंदन, सहा घरात तुमच्यामुळं पगार जातोय, ते लपवताय कशाला? वरच्या पोरानं एकाचे पंधरा केले, तुम्ही सातचा एक करताय, माप तेच आहे. ‘मी एकटीनं’ म्हटल्यावर माणूस दोन पैसे जास्त देतो ते त्या हातासाठी देतो. उखळ गेलं आणि ओळ राहिली तर ते पैसे कशाचे? ‘कृती माझी, मीठ-तिखट आजही मीच घालते, कुटायला मशीन आणि आम्ही सातजणी’ असं लिहा. मशीनची चटणी वाईट लागते असं काही नाही, फक्त बारीक पीठ करू नका, शेंगदाण्याचं तेल सुटून गोळा व्हायला पाहिजे, नाहीतर ती चटणी नव्हे, कूट. काही गिऱ्हाईकं उखळाच्या हट्टाची असतील तर त्यांच्यासाठी महिन्यातनं एक घाणा उखळात कुटा आणि जास्त दरानं विका, मी पहिला नंबर लावतो.

रिव्ह्यू काढा. ई-कॉमर्सचे ग्राहक संरक्षण नियम २०२० साली आले, त्यात स्पष्ट आहे की विकणाऱ्यानं ग्राहक असल्याचं भासवून स्वतःच्या मालाचे रिव्ह्यू टाकायचे नाहीत. भाच्यानं टाकले म्हणून सुटका नाही, टाकले ते तुमच्यासाठीच. त्याच नियमात वेबसाईटवर कायदेशीर नाव, पत्ता आणि तक्रार निवारण अधिकाऱ्याचं नाव, नंबर द्यायला सांगितलंय, तक्रार आली की ४८ तासात पोच द्यायची आणि महिन्याभरात निकाल लावायचा. तो अधिकारी म्हणून तुमचंच नाव घाला, वेगळा साहेब नेमायला नको.

प्रश्न : काका, विजापूर रोडला राहतो, कॉलेज करत करत लोगो आणि पोस्टर डिझाईन करून देतो ऑनलाईन. व्हिजिटिंग कार्डवर ‘फाउंडर अँड सीईओ’ आणि नावापुढं ‘प्रा. लि.’ टाकलं तर चालेल का? भारी दिसतं.

उत्तर : ‘प्रा. लि.’ अजिबात नको. कंपनी नोंदवलेली नसताना ते लावलं तर कंपनी कायदा २०१३ च्या ४५३ व्या कलमाखाली दिवसाला ५०० ते २००० रुपये दंड आहे, दिवसाला, कार्ड किती दिवस वाटणार ते बघ. एकट्याची कंपनी खरंच काढायची असेल तर त्याच कायद्यात एक व्यक्ती कंपनी आहे, पण तिथं नावाखाली कंसात ‘वन पर्सन कंपनी’ छापावंच लागतं, म्हणजे एकटा आहेस हे कार्डावरच दिसणार. सीईओला दंड नाही, छापायचं तर छाप. सोलापुरातलं गिऱ्हाईक कार्ड उलटंपालटं करून विचारणार, ‘ते असू दे, डिझाईन कोण करणार?’